कॅमेरा सुरू करण्यापूर्वी

कॉलेजच्या प्राध्यापकाला ‘तुमच्या विषयाचा ऑनलाइन कोर्स तयार करा’ असं सांगितलं, की पहिली चौकशी होते ती कॅमेऱ्याची. माइक कोणता घ्यायचा, मागचा पडदा कोणत्या रंगाचा, पीपीटीचं टेम्प्लेट कोण देणार, स्टुडिओ कधी मिळणार. कॉलेजही खर्चाची फाइल काढतं ती याच गोष्टींची. हे सगळं लागतं, पण बरंच नंतर. सुरुवातीला लागतो एक कोरा कागद आणि त्यावर एकच प्रश्न: या आठवड्यात माझा विद्यार्थी नेमकं काय करणार आहे? तो काय ऐकणार, काय बघणार, हे पुढचं. तो हाताने, डोक्याने काय करणार, ते आधी. माझ्या मते ऑनलाइन कोर्स चांगला होतो की वाया जातो हे इथेच ठरतं. प्राध्यापकांना मदत करायची तर तीही या टप्प्यावर मिळायला हवी, स्टुडिओत पोचल्यावर नाही.

मार्च २०२० मध्ये कॉलेजं बंद झाली आणि प्राध्यापकांनी मोबाइल पुस्तकांच्या चवडीला टेकवून शिकवायला सुरुवात केली. त्या धडपडीने कितीतरी मुलांचं वर्ष वाचलं. पण त्या अनुभवावरून ‘ऑनलाइन म्हणजे हे असंच असतं’ असा जो समज स्टाफरूममध्ये रुजला, तो अजून गेलेला नाही. त्याच महिन्यात अमेरिकेत चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एज्युकॉज’ या संस्थेच्या नियतकालिकात एक लेख लिहिला. संकटकाळात घाईने चालवलेलं दूरशिक्षण आणि आखून केलेलं ऑनलाइन शिक्षण यांची तुलनाच करू नका, असं त्यांचं म्हणणं होतं. पूर्णपणे ऑनलाइन चालणारा विद्यापीठीय कोर्स उभा करायला साधारण सहा ते नऊ महिने लागतात, हेही त्यांनी नोंदवलं होतं. आपल्याकडे हे काम बहुधा दिवाळीच्या सुट्टीत उरकायला सांगतात.

सहा ते नऊ महिने कशात जातात, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. ते पवईला सापडतं. आयआयटी मुंबईत डॉ. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या शिक्षकांना दूरस्थ केंद्रांवरून एकाच वेळी प्रशिक्षण द्यायचा प्रकल्प चालला. आधी हजार शिक्षक, मग दहा हजार, अशी त्याची झेप होती. पुढे तिथल्याच शैक्षणिक तंत्रज्ञान विभागातल्या सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी शिक्षकांसाठीचे ऑनलाइन कोर्स घेता घेता एक आराखडा तयार केला. ‘लर्नर सेंट्रिक मूक’ (‘मूक’ म्हणजे सर्वांना खुला असलेला मोठा ऑनलाइन कोर्स) किंवा एलसीएम या नावाने तो ओळखला जातो. त्याचे चार भाग आहेत आणि त्यातला एकही ‘लेक्चर’ नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

पहिला भाग छोट्या व्हिडिओंचा. पण त्यात शिक्षक बोलता बोलता मुद्दाम थांबतो, एक प्रश्न टाकतो आणि सांगतो, ‘आता व्हिडिओ थांबवा, वहीत उत्तर लिहा, मग पुढे या.’ या थांब्यावाचून व्हिडिओ पुरा होत नाही. दुसरा भाग सरावाचा. इथे प्रत्येक चुकीच्या उत्तराला त्या चुकीपुरता वेगळा अभिप्राय मिळतो. तिसरा भाग वर्गातल्या विषमतेसाठी. ज्याचा पाया कच्चा आहे त्याला एक वाट, ज्याला पुढे जायचंय त्याला दुसरी. चौथा भाग चर्चेचा. ‘तुमचे विचार मांडा’ असं मोघम आवाहन न करता एक नेमका प्रश्न देऊन ती चर्चा घडवायची आणि शेवटी तिच्यावर आधारलेली छोटी प्रश्नावली ठेवायची, म्हणजे ती वाचल्याशिवाय पुढे सरकता येत नाही.

थांबा घेण्याचा एवढा आग्रह कशासाठी? हार्वर्डमध्ये कार्ल स्पुनार आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. संख्याशास्त्राचं २१ मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर चार तुकड्यांत दाखवलं. काही विद्यार्थ्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, इतरांना दिली नाही. मधूनमधून विचारलं, ‘आत्ता तुमचं लक्ष कुठे आहे?’ चाचणी देणाऱ्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. त्यांनी टिपणंही जास्त काढली आणि शेवटच्या परीक्षेत गुणही जास्त मिळवले. त्याआधी २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी यांनी दाखवलेली गोष्टही अशीच. उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत पुढे होते. पण आठवडाभराने घेतलेल्या परीक्षेत, ज्यांनी पुन्हा न वाचता आठवून लिहिलं होतं, ते पुढे गेले. आठवडाभराने टिकणारं शिक्षण हवं असेल, तर आठवायला लावणं हा परीक्षेचा नव्हे, शिकवण्याचाच भाग धरावा लागतो.

व्हिडिओ बघणं आणि सराव करणं यांची थेट तुलनाही झाली आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी जॉर्जिया टेकच्या मानसशास्त्राच्या एका मोठ्या ऑनलाइन कोर्सची आकडेवारी तपासली. जास्त व्हिडिओ बघण्याने शिकण्यात जेवढी भर पडलेली दिसली, त्याच्या सुमारे सहापट भर जास्त सराव करण्याने पडलेली दिसली. यावर चटकन मनात येणारी शंका अशी की, हुशार आणि कष्टाळू मुलंच सराव करतात, मग श्रेय सरावाला कसं द्यायचं? त्याच गटाने पुढे ही शंकाही तपासली आणि सरावाचा परिणाम तरीही टिकून राहिला. आपल्या कोर्सवर होणारा खर्च आणि वेळ मात्र बहुतांशी उलट वाटला जातो: व्हिडिओला सगळा, सरावाला उरलासुरला.

आता हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते एका धड्यात पाहू. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला मागणीची लवचिकता शिकवायची असते. वर्गात पन्नास मिनिटांत व्याख्या, प्रकार, सूत्र, आलेख आणि परिणाम करणारे घटक एवढं सगळं होतं. हेच लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड करून टाकलं, तर विद्यार्थी ते दुप्पट वेगाने पळवतो आणि आकडेमोडीपाशी सोडून देतो.

त्याऐवजी पाच मिनिटांचा पहिला तुकडा प्रश्नाने सुरू करता येईल. कांदा किलोला २० रुपयांवरून ४० वर गेला. तुमच्या घरी महिन्याला कांदा किती येत होता आणि आता किती येईल? सिनेमाचं तिकीट असंच दुप्पट झालं, तर महिन्याला किती सिनेमे बघाल? व्हिडिओ थांबवा आणि आकडे लिहा. विद्यार्थी परत येतो तेव्हा त्याच्या वहीत त्याच्याच घरचे आकडे असतात. कांदा थोडाच कमी झालेला असतो, सिनेमा बराच. व्याख्या आता येते आणि ती त्याच्या आकड्यांना चिकटून येते.

मग सरावाचं गणित. कांद्याचा भाव २० वरून ३० रुपये झाला आणि एका विक्रेत्याचा रोजचा खप १०० किलोवरून ९० किलो झाला. लवचिकता किती? भाव ५० टक्क्यांनी वाढला, खप १० टक्क्यांनी घटला, म्हणून उत्तर ०.२. ऋण चिन्ह तूर्त बाजूला ठेवू. खरी कामगिरी चुकीचे पर्याय निवडण्यात आहे. ते मनाला येतील तसे घालायचे नाहीत. पहिला चुकीचा पर्याय ५: हा त्याचा, ज्याने भागाकार उलटा केला. दुसरा १: भावात १० रुपयांचा फरक, खपात १० किलोचा फरक, दहाला दहाने भागलं, टक्केवारी काढायचीच राहिली. तिसरा ०.३३: मूळ आकड्यांऐवजी नव्या आकड्यांवर, म्हणजे ३० आणि ९० वर, टक्केवारी काढली. असे पर्याय ठेवले की चूक स्वतःच सांगते की विद्यार्थी कुठे घसरला. १ निवडणाऱ्याला ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असं सांगून काय होणार? त्याला सांगायचं, ‘रुपये आणि किलो एकमेकांशी थेट तोलता येत नाहीत. दोन्ही बदलांची आधी टक्केवारी काढा.’ तीस वर्षं शिकवलेल्या प्राध्यापकाकडे या चुकांचा जो साठा असतो, तो कुठल्याही पुस्तकात मिळत नाही. ऑनलाइन कोर्समध्ये त्याच्या अनुभवाचं सोनं होतं ते इथे.

लगेच पुढचा प्रश्न येऊ शकतो: विक्रेत्याच्या गल्ल्यात आधी २००० रुपये यायचे, आता किती? २७००. खप घटला आणि तरी विक्री वाढली, हे ज्याला आकड्यांतून स्वतः सापडतं त्याला ‘अलवचिक मागणी’ वेगळी पाठ करावी लागत नाही. आणि चर्चेसाठी: तुमच्या गावच्या बाजारात अशी एक वस्तू शोधा जिचा भाव वाढला तरी खप फारसा पडत नाही, दुकानदाराशी बोला आणि चार ओळी लिहा. चंदगडचा विद्यार्थी एक लिहील, धडगावची विद्यार्थिनी दुसरं, डोंबिवलीतली नोकरी सांभाळून शिकणारी तिसरंच. एका वर्गात बसलेल्या साठ जणांकडून इतके वेगवेगळे बाजार गोळा होणार नाहीत. विद्यार्थी दूरदूर पांगलेले असणं ही ऑनलाइन कोर्सची अडचण मानली जाते, पण प्रश्न नीट विचारला तर तीच त्याची जमेची बाजू होते.

कॅमेऱ्याबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण त्यावर चांगला पुरावा आहे. फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘एडएक्स’ या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार कोर्सेसमधल्या व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही लांब असो, विद्यार्थ्यांचा टिकून राहण्याचा मध्यक काळ सहा मिनिटांपलीकडे गेला नाही. वर्गातल्या लेक्चरचं रेकॉर्डिंग कापून केलेले तुकडे, ऑनलाइनसाठी मुळातून आखलेल्या व्हिडिओंपुढे कमी पडले. नुसत्या स्लाइडपेक्षा अधूनमधून शिक्षकाचा चेहरा दिसणारे, आणि टॅब्लेटवर हाताने लिहीत जाणारे व्हिडिओ लोकांनी जास्त वेळ पाहिले. साध्या टेबलाशी बसून केलेलं चित्रण काही वेळा महागड्या स्टुडिओतल्या चित्रणाहून सरस ठरलं. शिवाय रिचर्ड मायर यांच्या अनेक वर्षांच्या प्रयोगांतून आलेलं एक पथ्य आहे, ते आपल्याकडे रोज मोडलं जातं: स्लाइडवर लिहिलेली वाक्यं जशीच्या तशी वाचून दाखवू नयेत. डोळे आणि कान एकाच मजकुराच्या मागे लागतात आणि समजून घ्यायला जागा उरत नाही. स्लाइडवर आकृती असू द्या, शब्द तोंडून येऊ द्या.

पवईचंच आणखी एक काम इथे आठवतं, प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प. त्यात संगणकाची मुक्त सॉफ्टवेअर साधारण दहा-दहा मिनिटांच्या पाठांतून शिकवली जातात, आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत आवाज बदलून दिला जातो. विद्यार्थ्याने एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला सॉफ्टवेअर उघडं ठेवून थोडं बघायचं, थांबवायचं, तेच स्वतः करून बघायचं. पण मला यातलं सर्वांत मोलाचं वाटतं ते पडद्यामागचं. पाठाची संहिता आधी पूर्ण लिहिली जाते आणि ध्वनिमुद्रणापूर्वी ती अशा माणसाकडून तपासून घेतात ज्याला तो विषय येत नाही. तो जिथे अडखळेल तिथे दोष संहितेचा, माणसाचा नाही. विषयतज्ज्ञाला वर्षानुवर्षांच्या सवयीने मधल्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या असतात. वर्गात समोरचे चेहरे त्याला सांभाळून घेतात, कोणीतरी कपाळाला आठी घालतो आणि सर मागे येतात. रेकॉर्डिंगमध्ये तो चेहरा नसतो. म्हणून तो आधीच बोलावून समोर बसवावा लागतो.

कोर्स तयार झाला म्हणजे काम संपलं, ही समजूत मात्र सर्वांत महागात पडते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे स्टेट विद्यापीठाने उडॅसिटी या कंपनीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे तीन ऑनलाइन कोर्स सुरू केले. त्यांत पायाभूत गणितात मागे पडलेली मुलंही होती. पहिल्याच सत्रात उत्तीर्णांचं प्रमाण वर्गातल्या कोर्सेसच्या मानाने बरंच घसरलं आणि जुलैत तो प्रयोग थांबवावा लागला. त्याच सुमाराला डी शू आणि शॅना जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांच्या सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासल्या. ऑनलाइन कोर्समध्ये सगळ्याच गटांची कामगिरी थोडी खालावली होती, पण सर्वांत जास्त फटका बसला तो आधीच मागे असलेल्यांना: कमी गुणांच्या, वयाने लहान आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना. ज्यांच्यापर्यंत शिक्षण पोचवण्यासाठी ऑनलाइनची वाट काढली, तेच त्या वाटेवर गळत असतील तर त्याकडे डोळेझाक करता येणार नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्या विषयातला हाच सर्वांत गंभीर मुद्दा आहे.

अशा विद्यार्थ्याला गळण्यापासून वाचवतो तो माणूस. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या अभ्यासकांनी २००० मध्ये मांडलेल्या चौकटीत ‘शिक्षकाचं अस्तित्व’ हा स्वतंत्र घटक आहे. रोजच्या कामात त्याचा अर्थ साधा आहे. दर सोमवारी शिक्षकाचा छोटा निरोप जायचा: गेल्या आठवड्यात कुठल्या प्रश्नावर बहुतेकांची गाडी अडली, या आठवड्यात काय आहे, कधीपर्यंत आहे. चर्चेत विचारलेल्या शंकेला ठरलेल्या मुदतीत उत्तर मिळायचं. आणि पहिल्या दोन आठवड्यांत ज्याने एकही सराव सोडवलेला नाही, त्याला नावानिशी फोन किंवा मेसेज. ‘सर्वांनी लक्षात घ्यावे’ अशा सामुदायिक सूचनेने तो हलत नाही. ‘तुझं पहिलं काम आलेलं नाही, नेटची अडचण आहे की गणिताची?’ या एका ओळीने पुष्कळदा हलतो. हजेरीसाठी कॅमेरा सुरू ठेवायला लावण्यात जी शक्ती खर्च होते, तिच्या निम्म्या शक्तीत हे होऊ शकतं.

नेटची अडचण हा बहाणा नसतो, हेही कोर्स आखतानाच धरून चालावं. बहुतेक विद्यार्थ्यांचा अभ्यास मोबाइलवर चालतो, कित्येक घरांत तो फोनही दोघांत-तिघांत असतो. प्रत्येक व्हिडिओबरोबर त्याची लेखी संहिता दिली, फक्त आवाजाची हलकी फाइल दिली, स्लाइडवरची अक्षरं पाच इंची पडद्यावर वाचता येतील एवढी ठेवली आणि काम द्यायची मुदत आठवडाभराची ठेवली, तर ही गैरसोय पुष्कळ कमी होते. संहितेचा फायदा ऐकू न येणाऱ्या विद्यार्थ्यालाही होतो आणि इंग्रजीत चाचपडणाऱ्यालाही. इंग्रजी माध्यमाच्या कोर्सला मराठीतून समजावणारा पाच मिनिटांचा ऑडिओ जोडायला कोणाची परवानगी लागत नाही.

यंत्रणेच्या बाजूने पाहिलं तर दारं उघडी आहेत. ‘स्वयम्’ हे राष्ट्रीय व्यासपीठ जुलै २०१७ पासून औपचारिकपणे सुरू आहे आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एखाद्या सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट तिथल्या कोर्सेसमधून घेता येतात. ‘स्वयम्’च्या कोर्ससाठी चार अंगं ठरवून दिलेली आहेत: व्हिडिओ, वाचनसाहित्य, मूल्यमापन आणि चर्चा. चौकट योग्य आहे. पण फॉर्म भरताना व्हिडिओचे तास मोजले जातात आणि बाकी तीन अंगांपुढे नुसती बरोबरची खूण होते. प्रश्नांचा दर्जा कोण तपासतो? ‘युनिट १ वर दहा बहुपर्यायी प्रश्न’ एवढ्याने ते अंग भरलं असं धरलं, तर व्याख्या जशीच्या तशी ओळखायला लावणारे प्रश्नच येणार.

एकट्या प्राध्यापकावर हे सगळं टाकणंही अन्यायाचं आहे. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हापासून तिथे कोर्स एकट्याने लिहायची पद्धत नाही. विषयाचे अध्यापक, शिक्षणतंत्राचे जाणकार, संपादक आणि बीबीसीचे निर्माते मिळून ‘कोर्स टीम’ असायची आणि मसुद्यावर सगळे भांडायचे. महाराष्ट्रात १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, डॉ. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून स्वयंअध्ययनाची पुस्तकं लिहायची, वाचकाला मधेच थांबवून प्रश्न सोडवायला लावायचे, ही कला या राज्यात तेव्हापासून जोपासली गेली आहे. ऑनलाइन कोर्ससाठी नेमकं हेच कसब लागतं. तरी आपल्या पारंपरिक कॉलेजांनी त्या अनुभवी लोकांकडे क्वचितच विचारणा केली, याची मला खंत वाटते.

मोठी टीम परवडत नसेल तर लहान जमवता येईल. त्याच विषयाचा दुसऱ्या कॉलेजातला एक सहकारी, प्रश्न तपासायला. मागच्या वर्षी तो पेपर कसाबसा सुटलेले दोन विद्यार्थी, संहिता वाचायला. ग्रंथपाल, कारण मुक्त साहित्य कुठे मिळतं आणि कशाची परवानगी लागते हे तोच सांगू शकतो. आणि वेळापत्रकात नोंदवलेला वेळ. कोर्स तयार करणाऱ्याच्या आठवड्याच्या कार्यभारातले काही तास कमी केल्याशिवाय चांगला सराव लिहून होत नाही, हे प्राचार्यांनी लेखी मान्य करायला हवं. एफडीपीचं, म्हणजे प्राध्यापक विकास कार्यक्रमाचं, प्रमाणपत्र हा त्याला पर्याय नाही. आठवडाभराच्या एफडीपीत सॉफ्टवेअरची बटणं दाखवण्याऐवजी प्रत्येकाने आपल्या एका धड्याचे पाच प्रश्न, त्यांचे चुकीचे पर्याय आणि प्रत्येक चुकीला द्यायचा अभिप्राय लिहून आणला आणि तो इतरांनी सोडवून पाहिला, तर आठवड्याचं चीज होईल.

पहिल्या वर्षी कोर्स तसा अर्धाकच्चाच राहतो. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर शिक्षक त्यात स्थिरावतो, असं हॉजेस यांच्या लेखातही म्हटलं आहे. दुसऱ्या वर्षी व्हिडिओ पुन्हा करायची गरज सहसा नसते. प्रश्नांची आकडेवारी उघडायची आणि सगळ्यात जास्त चुकलेले चार-पाच प्रश्न काढायचे. कांद्याच्या गणितात वर्गातल्या चाळीस टक्के मुलांनी १ हे उत्तर दिलेलं दिसलं, तर लवचिकतेचा व्हिडिओ ठीकच आहे. मुलांची टक्केवारी कच्ची आहे. त्याच्या आधी टक्केवारीचा तीन मिनिटांचा तुकडा आणि चार गणितं घालायची आणि पुढच्या जूनमध्ये तो आकडा पुन्हा बघायचा.